जड डब्याची पारख

घरच्या संगीतसंचासाठी वेगळा लिनिअर पॉवर सप्लाय घ्यावा का, असा विचार तुमच्या मनात घोळत असेल, तर आधी एवढंच ठरवा: आत्ता नेमकं काय बिघडलेलं आहे? प्रश्न साधा आहे. पण या वस्तूची जी परीक्षणं आपण वाचतो, त्यांतल्या बहुतेकांमध्ये तो विचारलेलाच नसतो. परीक्षक नवा डबा जोडतो, गाणं लावतो, आणि लगेच 'पडदा बाजूला झाला', 'पार्श्वभूमी काळीभोर झाली', 'गायिका दोन पावलं पुढे आली' अशी वाक्यं सुरू होतात. पडदा होता तर तो कशाचा होता आणि नवा डबा जोडल्यावर तो का जावा, याबद्दल अवाक्षर नसतं. डब्याचं वजन, समोरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची जाडी आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरचा फोटो मात्र हमखास असतो.

हे टीकेनेच बोलायला हवं, कारण प्रश्न पैशाचा आहे. परदेशातल्या मराठी घरात गाण्याचा चांगला संच बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतो. आधी गाडी, मग हीटर, मग मुलांचं डेकेअर, भारतात जाण्याची तिकिटं, आणि त्यातून काही उरलं तर स्पीकर. त्या उरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा एका डब्यात घालायचा, तोही कित्येकदा ज्या डीएसीला तो जोडायचा त्या डीएसीइतक्याच किमतीचा, तर डबा काय करतो हे कळायला हवं. माझं पोस्टडॉकचं काम न्यूझीलंडमध्ये आहे आणि दिवसाचा बराच वेळ मोजमापांत जातो. त्यामुळे 'किती?' हा प्रश्न मला सवयीने पडतो. तो इथेही विचारून पाहू.

महाराष्ट्रात वाढलेल्यांना ही वस्तू अनोळखी नाही. ट्रान्झिस्टरचे सेल वाचवण्यासाठी आपण जो 'एलिमिनेटर' आणायचो, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून, तो लिनिअर सप्लायच. भिंतीतल्या २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरने लहान व्होल्टेज करायचा, चार डायोडच्या ब्रिजने एका दिशेला वळवायचा, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवून सपाट करायचा. स्वस्त एलिमिनेटर इथेच थांबायचा, म्हणून रेडिओ बातम्यांच्या मागे घूं करत राहायचा. चांगल्या सप्लायमध्ये चौथा टप्पा असतो, तो रेग्युलेटरचा. आज कोरीव डब्यात विकला जाणारा लिनिअर सप्लाय याच घराण्यातला आहे. याउलट तुमच्या डीएसीबरोबर आलेला लहानसा, हलका अडॅप्टर स्विचिंग जातीचा असतो. तो विजेचे सेकंदाला हजारो ते लाखो तुकडे करतो, म्हणून त्याला छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. त्या तुकड्यांची कटकट बाहेर पडते, ही त्याच्यावरची तक्रार. ती खोटी नाही. एखादा जुना एएम रेडिओ अडॅप्टरजवळ नेऊन बघा, खरखर ऐकू येईल. पण रेडिओला ऐकू आलेली कटकट स्पीकरमधून ऐकू येतेच असं नाही, आणि सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आता आकडे. समजा, १२ व्होल्टचा सप्लाय १ अँपिअर देतो आहे आणि आत १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ब्रिजमधून सेकंदाला १०० टेकड्या येतात. दोन टेकड्यांच्या मधल्या दरीत कपॅसिटर एकटा भार उचलतो, आणि त्याचा व्होल्टेज साधारण १ व्होल्टने खाली-वर होतो. हा झाला कच्चा तरंग. त्यापुढे एलएम ३१७ सारखा रेग्युलेटर बसवला, बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये रचलेला आणि आजही काही रुपयांत मिळणारा, तर तो हा तरंग ६५ डेसिबलने खाली आणतो. एक लहान कपॅसिटर योग्य जागी जोडला तर ८० डेसिबलने. म्हणजे १ व्होल्टचे उरले ०.१ मिलिव्होल्ट. डीएसीच्या आत पुन्हा स्वतःचे रेग्युलेटर असतात. त्यांनी आणखी ६० डेसिबल कापले असं धरलं तर उरला ०.१ मायक्रोव्होल्ट. डीएसीचा पूर्ण आवाजाचा सिग्नल साधारण २ व्होल्टचा असतो. दोघांचं गुणोत्तर काढलं तर फरक १४६ डेसिबलचा येतो. कुठल्याही घरातली शांतता, कुठलीही ध्वनिमुद्रिका, कुठलाही कान याच्या आसपास पोचत नाही.

म्हणून 'आमचा रेग्युलेटर एलएम ३१७ पेक्षा शांत आहे' हा दावा खरा असूनही निरुपयोगी असू शकतो. एलटी ३०४५ नावाची आधुनिक चिप खरोखरच असामान्य आहे. १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तिचा गोंगाट ०.८ मायक्रोव्होल्ट आहे, तर १२ व्होल्टवरच्या एलएम ३१७ चा काहीशे मायक्रोव्होल्ट. प्रयोगशाळेतल्या नाजूक उपकरणांना हा फरक सोन्यासारखा आहे. पण तुमच्या डीएसीच्या आत रेग्युलेटरची आणखी एक रांग उभी असेल, तर ती या दोघांनाही गाळून जवळपास सारखंच करते. शिवाय डबा आणि डीएसी यांच्यामध्ये केबल असते. एक मीटर लांब, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची केबल घेतली तर जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहमचा रोध येतो. रेग्युलेटरचा रोध त्याच्या कितीतरी खाली असल्याची जाहिरात करायची आणि पुढे ही केबल जोडायची, म्हणजे पाणी गाळून घेऊन न घासलेल्या हंड्यात भरण्यासारखं आहे.

मग लिनिअर सप्लाय घेऊन कुणाला फरक जाणवतो, ते सगळे भ्रमात असतात का? नाही. पण फरकाचं कारण बहुतेक वेळा परीक्षणात सांगितलेलं नसतं, भलतीकडेच असतं. लॅपटॉप चार्जिंगला लावून त्याच्या धातूच्या झाकणावर हलकेच बोट फिरवलं तर मुंग्या आल्यासारखं जाणवतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. अर्थची पिन नसलेल्या स्विचिंग अडॅप्टरमध्ये रेडिओ-कटकट दाबण्यासाठी प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर ठेवलेला असतो. त्यातून शंभरेक मायक्रोअँपिअरची गळती बाहेर येते. शरीराला ती धोक्याची नसते. पण असा अडॅप्टर डीएसीला असेल आणि अँप्लिफायर अर्थ केलेला असेल, तर ही गळती घरी परतण्यासाठी त्या दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून जाते, आणि त्याच जाळीतून तुमचं गाणंही परतत असतं. जाळीचा रोध कमी, जोड घट्ट, तर काही होत नाही. जोड सैल, केबल लांब, पुढे संवेदनशील फोनो स्टेज, तर घरघर ऐकू येते.

इथे लिनिअर सप्लाय खरोखर उपयोगी पडू शकतो, पण कुठला, हे पाहावं लागतं. डब्यात डोनटसारखा गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आहे हे फार अभिमानाने सांगितलं जातं. टोरॉइडचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी पसरतं, हे बरोबर. पण त्याची दोन वेटोळी एकमेकांवर पसरून गुंडाळलेली असतात, त्यामुळे त्यांच्यातलं कपॅसिटन्स जास्त, म्हणजे गळतीला वाट जास्त. साध्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळी बॉबिनच्या दोन वेगळ्या कप्प्यांत असतील, तर ही वाट अरुंद होते. त्याचं चुंबकीय क्षेत्र मात्र बाहेर जास्त सांडतं, म्हणून तो टर्नटेबलपासून दूर ठेवायचा. म्हणजे गळतीचा त्रास असेल तर स्वस्त दिसणारा चौकोनी ट्रान्सफॉर्मर महागड्या टोरॉइडला मात देऊ शकतो. आतल्या फोटोवरून दर्जा ठरवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

कपॅसिटरचंही तसंच. 'आत १,००,००० मायक्रोफॅरड' हे वाचून आपल्याला भरल्या घरासारखं वाटतं. पण कपॅसिटर जितका मोठा, तितका तो टेकडीच्या अगदी माथ्यावर, थोड्याच वेळात, मोठ्या झटक्याने भरून घेतो. ते झटके ट्रान्सफॉर्मर तापवतात आणि वरच्या हार्मोनिक्सचा कचरा आजूबाजूच्या तारांत टाकतात. दिशा बदलत्या विजेला एका दिशेला वळवणं हे काम मुळातच कचरा करणारं आहे, मग ते टेबलावर होवो की देशपातळीवर. दक्षिण बेटावरच्या बेनमोरपासून उत्तर बेटावरच्या हेवर्ड्सपर्यंत १९६५ पासून डीसी वाहिनी आहे. तिच्याही दोन्ही टोकांना हा कचरा गाळण्यासाठी मोठाले फिल्टर उभे करावे लागले आहेत. तेव्हा 'लिनिअर म्हणजे शुद्ध' हे समीकरण शब्दाच्या रूपाला भुलून केलेलं आहे.

आपण जिथे राहतो तिथल्या विजेचाही विचार करायला हवा, आणि परीक्षण दुसऱ्या देशात लिहिलेलं असेल तर तो हमखास सुटतो. न्यूझीलंडमध्ये घरातला व्होल्टेज २३० च्या थोडा वर-खाली होत असतो, कधी २४४ पर्यंतही जाऊ शकतो. ऑनलाइन मिळणारे कित्येक सप्लाय २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. तुमच्या घरी २४४ आले तर ट्रान्सफॉर्मरवर ११ टक्के जास्त ताण येतो. गाभा संपृक्ततेच्या जवळ जातो आणि डबा स्वतःच गुणगुणायला लागतो. आत उष्णताही वाढते. रेग्युलेटरच्या आधी १८ व्होल्ट असायचे तिथे २० झाले, तर १२ व्होल्ट १ अँपिअर देताना ६ वॅट जळायचे तिथे ८ वॅट जळतात, म्हणजे एक-तृतीयांश जास्त. उष्णतेने कपॅसिटरचं आयुष्य घटतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून मी कोणत्याही डब्याच्या बाबतीत पहिली चौकशी प्रायमरीच्या व्होल्टेजची करीन, मग उरलेलं.

इथली दुसरी खासियत रिपल कंट्रोलची. वीज कंपन्या घरोघरच्या गरम पाण्याच्या टाक्या मागणीच्या वेळी बंद करतात. त्यासाठीचा निरोप त्या विजेच्या तारांमधूनच पाठवतात, काही व्होल्टच्या, ऐकू येण्याजोग्या वारंवारतेच्या स्पंदांनी. कुठे ३१७ हर्ट्झ, कुठे १०५० हर्ट्झ, भागाभागात वेगवेगळी. संध्याकाळी एखादा मिनिट ट्रान्सफॉर्मर मधूनच टप्प्याटप्प्याने कण्हल्यासारखा आवाज करतो, तो अनेकदा हा निरोप असतो. तो डब्यातून येतो आहे की स्पीकरमधून, हे आधी ठरवा. डब्यातून येत असेल तर ती लोखंडाची थरथर आहे, डीसीशी तिचा संबंध नाही, आणि डबा दुसऱ्या कपाटात ठेवला की भागतं. स्पीकरमधून येत असेल तर रेग्युलेटर त्याचं काम करत नाही, किंवा आवाज जोडण्यांतून शिरतो आहे. कुणी हेअर ड्रायर अर्ध्या उष्णतेवर चालवला की टोरॉइड घुमतो, हीसुद्धा याच वर्गातली गोष्ट. काही ड्रायर विजेची अर्धीच लाट वापरतात आणि तारेत थोडा डीसी सांडतात, आणि टोरॉइडला तो अजिबात सोसत नाही.

आता आपल्या गाण्याकडे येऊ, कारण बहुतेक परीक्षणं जॅझवर किंवा पियानोवर केलेली असतात आणि आपण ऐकतो वेगळं. हिंदुस्थानी गायन हे हमची परीक्षा घेणारं संगीत आहे, कारण त्याच्या मुळाशी तंबोरा असतो. गायकाचा सा पांढरी एक, म्हणजे साधारण १३१ हर्ट्झ, असेल तर तंबोऱ्याची पंचमाची तार ९८ हर्ट्झला लागते. सप्लायचा तरंग असतो १०० हर्ट्झला. दोन्ही एकत्र ऐकू आले तर सेकंदाला दोनदा डोलणारी लहर तयार होते, तंबोरा किंचित उतरल्यासारखी. काळी एकच्या गायकाला हाच पंचम १०४ च्या आसपास जातो, मग डोलणं जलद होतं. तुमच्या संचात हा दोष असेल तर तो 'पार्श्वभूमी करडी' असा मोघम जाणवत नाही. तो ठराविक सुरावर, ठराविक वेगाने जाणवतो आणि बोट ठेवून दाखवता येतो.

पण सावधान. आकाशवाणीच्या संग्रहातली किंवा खाजगी मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं लावलीत, तर त्यांच्यात मुद्रणाच्या वेळचीच घरघर असते. भारतातली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे कानाला दोन्ही सारखीच. ओळखायची युक्ती सोपी आहे: गाणं थांबवा, आवाज तसाच ठेवा. घरघर गेली तर ती मुद्रणातली होती, आणि जगातला कोणताही सप्लाय ती काढणार नाही. उरली तर तुमच्या खोलीतली आहे. संगणकावर आलेख काढता येत असेल तर आणखी एक खूण मिळते. टेप जराशा चुकीच्या वेगाने वाजवून डिजिटल केलेली असेल, तर मुद्रणातली घरघर बरोबर १०० वर न बसता ९७ किंवा १०२ ला बसते. जुन्या मुद्रणांचा वेग दुरुस्त करणारे याच घरघरीचा मापदंड म्हणून उपयोग करतात. ज्या परीक्षकाने जुनी मैफल लावून 'नव्या सप्लायने तंबोरा स्वच्छ झाला' असं लिहिलं आहे, त्याने ही साधी तपासणी केली होती का, हे विचारायला हरकत नाही.

आलेखावरून निदानही होतं. डीएसीचा आउटपुट एखाद्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा (नाहीतर मोजमापच नवी घरघर आणेल), आणि गाणं न लावता मिनिटभर रेकॉर्ड करा. १००, २००, ३०० वर शिखरं दिसली तर ती ब्रिज आणि कपॅसिटरची खूण आहे, सप्लायवर संशय घ्या. ५० आणि १५० वर दिसली तर अर्थ लूप, गळती किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. तिथे सप्लायवर खर्च करण्याआधी दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा, केबल आखूड करा, जोड घट्ट करा. फुकटात सुटणाऱ्या दुखण्यांची संख्या मोठी आहे. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: घरघर जाते म्हणून प्लगची अर्थ पिन कापू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

ऐकूनच ठरवायचं असेल, तर तेही नीट करता येतं. सप्लाय बदलताना डीएसी बंद-चालू करावा लागतो, आणि त्या मिनिटात कानाची आठवण निसटते. म्हणून एकच तुकडा दोन्ही सप्लायवर रेकॉर्ड करा, आणि त्या दोन फाइली घरातल्या कुणाला तरी नाव न सांगता लावायला सांगा. सोळा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. बारा आले तर तुमचा कान खरा आणि फरक खरा, मग कुणाचंही ऐकू नका. आठ-नऊ आले तर पैसे वाचले.

वजनाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पॉवर अँप्लिफायरच्या आतला सप्लाय ही वेगळी गोष्ट आहे. पीटर पेरो यांनी १९७४ मध्ये नेपियरला सुरू केलेली पेरो आणि क्राइस्टचर्चची प्लिनियस या न्यूझीलंडच्याच कंपन्यांचे जुने अँप्लिफायर आजही ट्रेड मीवर फिरतात आणि उचलताना पाठ धरते. तिथे लोखंड आणि तांबं काम करतं. पखवाजाच्या थापेला स्पीकर काही क्षण प्रचंड प्रवाह मागतो, आणि क्लास ए रचनेत तर शांततेतही सतत प्रवाह वाहत असतो. गमतीची गोष्ट अशी, की अशा बहुतेक पॉवर अँप्लिफायरमध्ये मुख्य वाटेवर रेग्युलेटर नसतोच. कच्च्या तरंगावर सर्किट चालतं, आणि त्याची रचना चांगली असल्याने तो तरंग आवाजात उतरत नाही. ज्या श्रोत्याला आपल्या अँप्लिफायरमधला एक व्होल्टचा तरंग कधी खटकला नाही, तोच डीएसीच्या मायक्रोव्होल्टसाठी रात्र जागवतो. असा जुना अँप्लिफायर घेणार असाल तर स्पीकरला कान लावून १०० हर्ट्झची घरघर ऐका. वाळलेल्या कपॅसिटरचं ते पहिलं लक्षण असतं, आणि ते बदलण्यावर केलेला खर्च कुठल्याही नव्या डब्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

मग माझा निवाडा असा. तुमच्या डीएसीला किंवा स्ट्रीमरला सोबत आलेल्या अडॅप्टरवर घरघर, कटकट, शिट्टी काहीच ऐकू येत नसेल, आणि आलेखातही शिखरं नसतील, तर लिनिअर सप्लाय घेऊ नका. फोनो स्टेज असेल, साध्या रचनेचा हेडफोन अँप असेल, किंवा अर्थ नसलेल्या अडॅप्टरची गळती सिद्ध झाली असेल, तर जरूर घ्या. पण विक्रेत्याने चार गोष्टी लेखी द्यायला हव्यात: प्रायमरी किती व्होल्टची, गोंगाट किती, कुठल्या पट्ट्यात आणि किती अँपिअरच्या भारावर मोजलेला, प्रायमरी-सेकंडरी गळती किती, आणि इथे विकण्यासाठीचं आरसीएम चिन्ह आहे का. 'दहा मायक्रोव्होल्टपेक्षा कमी' एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा नाही, नुसती जाहिरात आहे. धातूचा डबा अर्थला जोडलेला नसेल, किंवा आत फ्यूज नसेल, तर आवाज गंधर्वाचा असला तरी परत करा. आणि तो डबा दिवसरात्र चालू राहणार असेल तर हेही धरा, की १० वॅटची उष्णता वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खाते. इथल्या गार घरात हिवाळ्यात ती वाया जात नाही म्हणा, पण त्यासाठी हीटर स्वस्त पडतो.

परीक्षकांकडूनही आपण एवढी अपेक्षा धरायला हवी. गाण्याचं परीक्षण लिहिणारा निषाद उतरला होता असं लिहितो, तेव्हा तो कोणत्या तानेत उतरला हे सांगू शकतो, आणि मुद्रण काढून आपण ते पडताळू शकतो. वस्तूचं परीक्षण त्याहून सैल का असावं? पुढच्या वेळी 'काळीभोर पार्श्वभूमी' वाचाल तेव्हा लेखकाने आधीचा दोष सांगितला आहे का, एवढं शोधा. नसेल तर पैसे ठेवून द्या, आणि त्यातून स्पीकरखाली भक्कम स्टँड घ्या, जाड पडदे घ्या, किंवा सरळ डिसेंबरात पुण्याचं तिकीट काढा. तिथे तंबोरा जव्हारीसकट ऐकू येतो, मांडवातल्या माइकच्या घरघरीसकट.